चूल पेटवण्याआधी वाऱ्याची वाट शोधा!

नागपूरच्या उन्हाची कीर्ती सगळ्यांना ठाऊक आहे. २३ मे २०१३ रोजी इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. पण याच शहरात २९ डिसेंबर २०१८ च्या पहाटे तापमान ३.५ अंशांपर्यंत उतरलं होतं, हे किती जणांच्या लक्षात आहे? अशा हुडहुडीत आंघोळीला कढत पाणी हवंच. म्हणून महाल-इतवारीच्या जुन्या घरांत, खेड्यांतल्या वाड्यांत आणि कुणाकुणाच्या माळ्यावर अजूनही एखादा काळवंडलेला बंब, गंजलेली शेगडी किंवा अर्धी ढासळलेली चूल सापडते.

घराची आवराआवर सुरू झाली की ही वस्तू भंगारवाल्याच्या तराजूत जाते, नाहीतर हौसेने लगेच पेटवली जाते. दोन्ही घाईची कामं. आधी ती वस्तू कोणती आहे ते ओळखा, मग तिच्यात वारा कुठून शिरतो आणि धूर कुठून निघतो ते शोधा. एवढं कळलं की निम्मं काम झालं. बाकीचं निम्मं खाली वाचा.

ओळख परेड

मातीची चूल. तीन बाजूंनी भिंत, पुढे सरपण सारायचं तोंड आणि वर भांडं टेकायला तीन उंचवटे. या उंचवट्यांना थान म्हणतात. थानांमुळे भांडं आणि चूल यांत फट राहते. जाळ त्या फटीतून भांड्याला वेढा घालत वर येतो. सारवताना थान लिंपून सपाट केले की जाळ कोंडतो आणि धूर तोंडातून बाहेर पडतो. शेजारी दुसरं भोक असेल तर तो वैल. मुख्य जाळाची उरलेली ऊब तिथे पोचते, म्हणून वैलावर दूध आणि वरण ठेवायचं, भाकरी नाही.

बंब. तांब्या-पितळेचं उभं, पोटाळ भांडं. मधोमध खालून वरपर्यंत आरपार नळी, तळाशी जाळी, जाळीखाली राख पडायची जागा, बाजूला तोटी. नळीत विस्तव, नळीभोवती पाणी.

कोळशाची शेगडी. लोखंडी किंवा जुन्या बादलीची, आतून मातीचा लेप दिलेली. मधे सळ्यांची जाळी आणि खाली छोटी खिडकी. ही खिडकी राख काढण्यासाठी असते तितकीच वारा आत घेण्यासाठीही असते.

भुशाची शेगडी. बाहेरून नुसता पत्र्याचा डबा वाटतो. ओळखायची खूण म्हणजे बुडाजवळचं एक भोक. मधोमध बाटली उभी धरायची, भोकातून एक दांडका आडवा सारायचा, भोवती कोरडा भुसा ठासून भरायचा आणि मग बाटली व दांडका अलगद काढून घ्यायचे. आत बोगदा तयार होतो. खालून काडी लावली की भुसा आतून बाहेर सावकाश जळत जातो. एकदा नीट भरली की काही तास बघावं लागत नाही.

ओतीव लोखंडाचा विलायती स्टोव्ह. जड झाकण, बिजागरीचं दार, मागे धुराड्याची नळी. आपल्याकडे हा क्वचित मिळतो. मिळालाच तर दाराच्या कडेला पांढरट दोरी आहे का ते पाहा. जुन्या स्टोव्हमध्ये ती अ‍ॅस्बेस्टॉसची असू शकते. तिला खरवडू नका, ओढू नका. जाणकाराकडून बदलून घ्या.

बंबात रेल्वे इंजिन लपलंय

नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेज रेल्वे संग्रहालय आहे. तिथलं वाफेचं इंजिन पाहाल तेव्हा घरचा बंब आठवा. इंजिनाच्या बॉयलरमध्ये आगीच्या नळ्या पाण्यातून जातात. बंबातही तेच, फक्त नळी एक. आग पाण्याच्या पोटातून गेल्यामुळे चहूबाजूंनी ऊब पाण्यालाच मिळते. उघड्या चुलीवरच्या हंड्याची बरीचशी ऊब मात्र बाजूने निसटते.

एक फरक जिवावरचा आहे. इंजिन वाफ कोंडतं, कारण ते त्यासाठीच बांधलेलं असतं आणि त्याला सुरक्षा झडप असते. बंबाने वाफ कधीच कोंडायची नाही. त्याचं झाकण सैल असतं ते मुद्दाम. झाकण घट्ट बसावं म्हणून त्यावर दगड ठेवणं, कापड कोंबणं किंवा तोंड झाळून घेणं म्हणजे संकटाला आवतण. काही बंबांना वर नरसाळं असतं. त्यातून ओतलेलं गार पाणी तळाशी जातं आणि तेवढंच कढत पाणी वरच्या तोटीतून बाहेर येतं. असा बंब नेहमी भरलेला राहतो.

२३२ अंशांची गोष्ट

आधी पाणी, मग आग. बंबाचा हा पहिला नियम घरातल्या मोठ्यांनी शंभरदा सांगितलेला असतो. त्यामागचं कारण साधं आहे. कल्हईचं कथील २३२ अंशांना वितळतं आणि सांधे जोडायचं शिसं-कथिलाचं झाळण त्याहून कमी अंशांना. आत पाणी असेल तोवर धातूचं तापमान शंभराच्या आसपासच राहतं, कारण पाणी उकळत ऊब घेऊन जातं. पाणी संपलं की धातू काही मिनिटांत तापतो, झाळण सुटतं आणि बंब गळका होतो. म्हणून बऱ्याच बंबांची तोटी तळापासून थोडी वर असते. सगळं पाणी काढून घेता येऊ नये, ही त्यातली कारागिराची हुशारी.

आणखी एक. जुन्या झाळणात शिसं असतं. बंबाचं पाणी आंघोळीला आणि कपड्यांना वापरा, पिण्याला आणि स्वयंपाकाला नको.

घरीच करा, दोन चाचण्या

टॉर्चची चाचणी. बंब रिकामा करा, अंधाऱ्या खोलीत न्या. पेटवलेला टॉर्च मधल्या नळीत सोडा आणि वरून पाण्याच्या भागात डोकवा. कुठे उजेडाचा ठिपका दिसला तर तिथे भोक आहे. ठिपका नसेल तर बंब भरून रात्रभर कोरड्या फरशीवर ठेवा. सकाळी खाली ओल नसली की बंब धडधाकट.

लोहचुंबकाची चाचणी. तांबं आणि पितळ चुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे आणि वर नुसता मुलामा. विकत घेताना ही चाचणी दुकानदारासमोर करा. नागपूरपासून साठेक किलोमीटरवरचं भंडारा पितळी भांड्यांसाठी पिढ्यान्‌पिढ्या प्रसिद्ध आहे. ज्यांच्या हाताला या धातूची सवय आहे अशा कारागिराकडून केलेली दुरुस्ती नव्या गीझरहून स्वस्त पडू शकते.

अडीच हजार वर्षांपूर्वीची भट्टी, नागपूर जिल्ह्यातच

पारशिवनी तालुक्यात पेंच नदीकाठी नायकुंड नावाचं गाव आहे. तिथे १९७० च्या दशकाच्या शेवटी शां. भा. देव आणि अ. प्र. जामखेडकर यांनी उत्खनन केलं. दगडांची वर्तुळं रचून मृतांना पुरणाऱ्या महापाषाणकालीन लोकांच्या वस्तीत त्यांना लोखंड गाळायची भट्टी मिळाली. काळ साधारण इ.स.पूर्व ७ वं शतक. मातीच्या विटांची भट्टी आणि तिच्यात भात्याचा वारा सोडायच्या मातीच्या नळ्या!

लाकडी कोळशाचा जाळ हजार अंशांच्या वर न्यायचा तर लाकूड वाढवून भागत नाही, वारा वाढवावा लागतो. हे नायकुंडच्या कारागिरांना पक्कं ठाऊक होतं. घरातली फुंकणी हेच काम छोट्या मापात करते.

गांधीजींच्या वर्ध्यात बिनधुराची चूल

नागपूरहून सुमारे ७५ किलोमीटरवर वर्ध्याची मगनवाडी. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाचं काम इथून चाले आणि त्याची धुरा जे. सी. कुमारप्पा यांच्याकडे होती. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी इथल्या मगन संग्रहालयाचं उद्घाटन केलं. तेलघाणी, चरखा, हातकागद यांच्या जोडीला इथे स्वयंपाकघराचाही विचार झाला आणि १९४७ च्या सुमारास मगन चूल पुढे आली. देशातल्या सुधारित चुलींच्या इतिहासात तिचं नाव अगदी पहिल्या पानावर येतं.

मातीचीच चूल, पण धूर बाईच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून त्याला बाहेरची वाट काढून दिलेली. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या छातीत रोज धूर जातो, ही गोष्ट राष्ट्राच्या कामाच्या यादीत घेणारी माणसं आपल्या विदर्भात होती, याचा अभिमान वाटायलाच हवा.

नागपूरची नीरी आणि ‘नीरधूर’

१९५८ मध्ये नागपुरात सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संशोधन संस्था सुरू झाली. १९७४ मध्ये तिचं नाव बदललं आणि ती नीरी झाली, म्हणजे राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था. या संस्थेने ‘नीरधूर’ नावाची घरगुती चूल तयार केली. तिच्यात लाकूड, गोवऱ्या, कोळसा, शेतातला काडीकचरा असं निरनिराळं जळण चालतं.

चुलीला सरकारी मापही आहे बरं का! उघड्या तीन दगडांच्या चुलीत लाकडातली जेमतेम दहा ते पंधरा टक्के ऊब भांड्यापर्यंत पोचते. २०१३ च्या भारतीय मानकानुसार (आयएस १३१५२) सुधारित चुलीने किमान २५ टक्के ऊब भांड्याला द्यायला हवी आणि पंखा असलेल्या चुलीने ३५ टक्के. म्हणजे चांगल्या चुलीत सरपणाचा भारा निम्मा होतो आणि डोक्यावरून मोळी आणणाऱ्या बाईच्या फेऱ्याही.

तीन कोटी चुलींचा धडा

१९८३ पासून देशात सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम चालला. तीन कोटींहून जास्त चुली बसवल्या गेल्या. त्यातल्या कितीतरी काही वर्षांत बंद पडल्या. एक मोठं कारण होतं धुराडं. काजळी साचली, कुणी साफ केली नाही, धूर उलटला, लोकांनी चूल फोडली. चूल बांधणं एक दिवसाचं काम आहे, धुराडं झाडणं कायमचं.

तुमच्याकडे अशी जुनी चूल असेल तर धुराड्याचा पाइप नीट पाहा. त्या काळी सिमेंट-अ‍ॅस्बेस्टॉसचे करडे पाइप सर्रास बसवले जात. तो कापू नका, फोडू नका, घासू नका. त्याची धूळ फुफ्फुसात जाता कामा नये. नवा धातूचा पाइप बसवताना तो सरळ उभा ठेवा, छपराच्या आढ्यापेक्षा वर काढा आणि लाकडी वाशांपासून किमान दीड फूट लांब ठेवा.

धूर म्हणजे वाया गेलेलं सरपण

लाकूड जळतं म्हणजे काय होतं? तापलं की त्यातून आधी वायू निघतात आणि ज्वाळा त्या वायूंची असते. कोरड्या लाकडाच्या वजनाचा मोठा भाग असा वायू होऊनच जातो, उरलेल्याचे निखारे होतात. वायूंना पुरेसा वारा आणि ऊब मिळाली तर ते जळून जातात. नाही मिळाली तर तेच वायू धूर होऊन घरभर पसरतात.

म्हणून चूल भरून टाकू नका. काड्यांची फक्त टोकं जळू द्या आणि जळतील तशा पुढे सारा. सरपण जमिनीला टेकवण्यापेक्षा लोखंडी जाळीवर ठेवा, म्हणजे खालून वारा मिळतो. लाकूड ओलं असेल तर आधी त्यातलं पाणी उकळण्यात ऊब खर्च होते. नुकत्याच तोडलेल्या फांदीत निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. दोन काटक्या एकमेकींवर आपटा. खणखणीत वाजल्या तर वाळल्या आहेत, बद्द आवाज आला तर अजून उन्हात राहू द्या. नागपुरात उन्हाची कमतरता नाही!

लकडगंजपासून पऱ्हाटीपर्यंत

नागपूर लाकडाचं शहर आहे. लकडगंजात इमारती लाकडाचा बाजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे आणि दिल्लीच्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहूनच गेलं. पण चुलीला सागवान नको, तिला रोजचं साधं जळण पुरतं.

बाभूळ आणि धावडा जड, दमदार. त्यांचे निखारे टिकतात, म्हणून मटण आणि वरणाला उत्तम. तुऱ्हाट्या आणि पऱ्हाट्या, म्हणजे तुरीच्या आणि कपाशीच्या वाळल्या काड्या, झटकन पेटतात आणि भराभर जळतात. चहा, फोडणी, पहिला जाळ त्यांच्यावर. गोवरीचा विस्तव मंद आणि सारखा, म्हणून रोडगे आणि पानगे तिच्यातच खरे भाजले जातात. आणि नागपूरची खासियत असलेली लांब रोटी! सैल मळलेली कणीक हातांवर झुलवत ताणायची आणि उपड्या मडक्यावर टाकायची. मडक्याखालचा जाळ एका बाजूला कमी, दुसऱ्या बाजूला जास्त झाला तर रोटी एकीकडे कच्ची, एकीकडे करपलेली. करणाऱ्या बाईचा एक डोळा कणकेवर आणि एक जाळावर असतो.

हे चुलीत चुकूनही नको

बिबा. विदर्भाच्या जंगलात मुबलक. याच्या लाकडाच्या आणि फळाच्या धुराने अंगावर फोड येतात, चेहरा सुजतो.

कण्हेर. सगळं झाडच विषारी, धूरही.

प्लायवूड, रंगवलेल्या चौकटी, फर्निचरचे तुकडे. डिंक आणि रंग जळले की विषारी वायू निघतात. जुन्या रंगात शिसं असतं.

प्लास्टिक आणि थर्माकोल. पेटवण लावायलासुद्धा नको.

बंद पेरांचा बांबू. आतली हवा आणि ओल तापून पेर फटाक्यासारखं फुटतं. फोडून, चिरूनच घाला.

नदीतले ओले दगड. तीन दगडांची चूल मांडताना नदीतून उचललेला गोटा वापरू नका. आत मुरलेल्या पाण्याची वाफ होऊन तो तडकतो आणि कपच्या उडतात.

रॉकेल किंवा पेट्रोल. विझत आलेल्या विस्तवावर ओतणं म्हणजे भडका. कधीच नाही.

सरपणाच्या ढिगात हात घालण्याआधी काठीने ठोका. विंचवाला तो आडोसा फार आवडतो.

दिसत नाही तोच खरा धोका

नागपूर ही कोळशाचीही नगरी. वेस्टर्न कोलफिल्ड्सचं मुख्यालय इथलं, उमरेड आणि कामठीच्या खाणी हाकेच्या अंतरावर. त्यामुळे हिवाळ्यात कोळशाची शेगडी इथे अनेक घरांत पेटायची. बाहेर पेटवायची, धूर संपला, कोळसे लालबुंद झाले की आत आणायची, अशी रीत.

नेमका इथेच घात होतो. धूर संपला म्हणजे धोका संपला नाही. लालबुंद निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड निघत राहतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा २०० पटींहून जास्त ओढीने चिकटतो. डोकं दुखतं, मळमळतं, गुंगी येते आणि माणूस झोपेतच जातो. म्हणून बंद खोलीत शेगडी ठेवून झोपायचं नाही. बंब न्हाणीघरात कडी लावून पेटवायचा नाही, तो अंगणात किंवा उघड्या पडवीत हवा.

बाळंतिणीच्या खोलीतल्या शेक-शेगडीलाही हाच नियम. ओवा-वावडिंगाची धुरी देताना खिडकी उघडी ठेवा, शेक झाला की शेगडी लगेच बाहेर काढा. कुणाला गरगरलं तर आधी मोकळ्या हवेत न्या, मग १०८ ला फोन करा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने घरातल्या धुरामुळे २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यात बायका आणि लहान मुलांच्या वाट्याला हा धूर सर्वांत जास्त येतो. चूल टिकवायची असेल तर धूर घराबाहेर काढावाच लागेल.

राखेची करामत

राखेत पोटॅशियमचे क्षार असतात. ते तेलकटपणाशी मिळून थोडा साबणच तयार करतात, म्हणून राखेने भांडी लख्ख निघतात. भांड्याच्या बुडाला बाहेरून ओल्या मातीचा किंवा राखेचा हात फिरवून मग चुलीवर ठेवा. काजळी त्या लेपावर बसते आणि धुताना लेपासकट निघून जाते.

पण राख फसवी असते. पूर्वी रात्री निखारा राखेत पुरून ठेवत आणि सकाळी त्याच विस्तवावर चूल पेटवत. म्हणजेच वरून थंड दिसणाऱ्या राखेत दुसऱ्या दिवशीही जिवंत निखारा असू शकतो. ती प्लास्टिकच्या बादलीत, कचरापेटीत किंवा गोठ्याजवळ टाकू नका. पत्र्याच्या डब्यात भरा, पाणी शिंपडा, झाकण लावा.

पेटवण्याआधी पाच मिनिटं

१. उदबत्ती पेटवून चुलीच्या तोंडाशी धरा. तिचा धूर आत ओढला गेला तर वाऱ्याची वाट मोकळी आहे. बाहेर आला तर आधी राख काढा, धुराडं झाडा.

२. चूल सारवली असेल तर पूर्ण वाळू द्या. पहिला जाळ लहान ठेवा, नाहीतर भेगा पडतात.

३. जस्ताचा पत्रा जाळाला थेट लागत नाही ना, ते पाहा. खूप तापलेल्या जस्ताचा धूर अंगात ज्वर आणतो.

४. सुती कपडे घाला, पदर खोचा, केस बांधा. लहान मुलांना तीन हात लांब ठेवा.

५. जवळ पाण्याची बादली आणि थोडी वाळू ठेवा. भाजलं तर २० मिनिटं गार वाहत्या पाण्याखाली धरा. टूथपेस्ट, शाई, तेल काहीही लावू नका. आग हाताबाहेर गेली तर १०१.

रोजच्या स्वयंपाकाला गॅस आहे आणि तो असलाच पाहिजे. रोज धूर गिळण्यात काही मोठेपणा नाही. पण थंडीतला बंब, शेतावरचे रोडगे, पाहुण्यांसाठी उपड्या मडक्यावरची लांब रोटी या गोष्टी टिकायला हव्यात आणि त्या जाणत्या हातांनीच टिकतात. तेव्हा घरातल्या आजीला, शेजारच्या काकूंना या हिवाळ्यात एकदा चुलीपाशी बसवा. वारा कुठून घ्यायचा, लाकूड कधी सारायचं, जाळ कधी ओढून घ्यायचा, हे त्यांच्याकडून स्वतःच्या हाताने शिका आणि मुलांनाही शिकू द्या. माळ्यावरचा बंब तेव्हाच खाली उतरवा.